मुलीची सायकल शाळेत ठेवायची कुठे?

वाचकहो, सकाळी शाळा भरायच्या वेळेस मोठ्या गावातल्या एखाद्या माध्यमिक शाळेच्या फाटकाशी थोडा वेळ उभे राहून पाहा. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून सायकली येऊ लागतात. पाठीला दप्तर, हँडलला डब्याची पिशवी. त्यांत मुलींची संख्या तुमच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही. आता या सायकली आत गेल्यावर कुठे जातात तेही पाहा. काही बाभळीच्या बुंध्याला, काही कुंपणाच्या तारेला, उरलेल्या एकमेकींना टेकून. मधल्या सुट्टीत चेंडू एकीवर आदळला की सगळी ओळ आडवी होते. कुणाचे चाक आऊट होते, कुणाचे पायडल वाकते. गुरुजींच्या मोटारसायकली मात्र बहुधा सावलीला असतात!

ही सायकल घरात कशी आली ते तुम्हांला ठाऊकच आहे. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना आठवी ते बारावीपर्यंत सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ साली ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाले. पण हे अनुदान एका मुलीला एकदाच मिळते, ही गोष्ट फार थोड्या पालकांच्या ध्यानात असते. सायकल चोरीला गेली किंवा कामातून गेली, तर दुसरी घरच्या पैशांतूनच घ्यावी लागते. आणि सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी ती घेतली जाईल का, हे तुम्हीच सांगा.

सायकलीने काय साधते याचा दाखला बिहारातून मिळतो. तिथे २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात झाली. पुढे दोन अर्थशास्त्रज्ञांनी, कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी, त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. दोन चाकांनी एवढे केले. मग तीच चाके शाळेच्या आवारात बेवारशी का पडावीत?

चोरीपेक्षाही रोजचा त्रास मोठा आहे. कोणी चाकातली हवा सोडतो, कोणी व्हॉल्व्हची रबरी नळीच काढून नेतो. करणाऱ्याला ती गंमत वाटते. पण शाळा सुटल्यावर त्या मुलीला चार किलोमीटर सायकल हाताने ढकलत जावे लागते. हिवाळ्यात दिवस लहान, वाटेत ऊस उभा, घरी पोचेतो अंधार. असे दोनतीनदा झाले की घरात कोणीतरी म्हणतेच, "राहू दे आता शाळा." त्या घराला दोष देण्याआधी शाळेच्या आवारात काय घडते ते पाहायला हवे, असे आम्हांला वाटते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पाणी, मैदान, कुंपण या गोष्टी लागू केल्या. सायकल ठेवण्याच्या जागेचे नाव त्या यादीत नाही. म्हणून ती पालकांनीच मागायला हवी.

खर्च फार येत नाही. लोखंडी नळी उलट्या नालेच्या आकारात वाकवून तिचे दोन्ही पाय फूटभर खोल काँक्रीटमध्ये गाडावेत. वर अडीच-तीन फूट राहू द्यावी. अशा एका कमानीला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल टेकते आणि सांगाड्यासकट साखळीने बांधता येते. दोन कमानींत तीन फूट अंतर ठेवावे. ४० सायकलींना २० कमानी लागतील. दहा-दहाच्या दोन ओळी केल्या आणि मध्ये पाच फुटांची वाट सोडली, तर ३० फूट बाय १७ फूट जागा पुरते. नुसते पुढचे चाक अडकवायचे खाचे करू नका. धक्का लागला की सगळा भार त्या चाकावर येऊन तारा वाकतात. लोखंड परवडत नसेल तर खांब रोवून कमरेएवढ्या उंचीवर जाड बांबू आडवा बांधला तरी चालेल.

वर पत्रा हवा. उन्हाने टायर तडकतात, पंक्चरचे ठिगळ सुटते. पावसाने साखळी गंजते. गोठा बांधताना पावसाच्या झोडीकडे पाठ करतो तशीच इथेही करावी. जागा मात्र शाळेच्या मागे नको. कार्यालयाच्या खिडकीतून किंवा फाटकातून सहज दिसेल अशीच निवडावी. येण्याजाण्याला वाट एकच ठेवावी, आणि तास चालू असताना तिला कडी असावी. शिपायाची जागा रिकामी असेल तर वरच्या वर्गातल्या मुलामुलींच्या पाळ्या लावता येतील.

आणखी एक. सायकलीच्या मागच्या चाकाला असलेले कुलूप फक्त चाक अडवते. सायकल उचलून नेणाऱ्याला त्याची अडचण नाही. म्हणून वेगळी साखळी घ्या. मुलींच्या सायकलीला वरचा दांडा नसतो, तेव्हा साखळी खालच्या नळीतून आणि चाकातून ओवून कमानीला बांधायला मुलीला शिकवा. सांगाड्यावर एक नंबर ठोकलेला असतो, बहुधा पायडलच्या आसाखाली किंवा सीटखालच्या नळीवर. तो आजच पावतीच्या मागे लिहून ठेवा. चोरीची तक्रार देताना तो उपयोगी पडतो.

मागणी कोणाकडे करायची? इथे एक अडचण आहे. शाळा एका गावात आणि मुली दुसऱ्या गावांतून येतात. शाळेच्या गावच्या ग्रामसभेत वस्तीवरच्या पालकांना आवाज नसतो. तेव्हा दोनतीन वाड्यांच्या पालकांनी, त्यातही आयांनी, मिळून मुख्याध्यापकांना भेटावे. सायकलीने येणाऱ्या मुलांची गाववार यादी बरोबर न्यावी. खासगी संस्थेची शाळा असेल तर पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय घ्यायला लावावा. नळ्यांसाठी वर्गणी, खड्डे आणि वाळू-खडीसाठी श्रमदान, असे ठरवून गेलात तर नकार देणे अवघड जाते. तेवढ्यात शाळेत एक हवेचा पंप आणि व्हॉल्व्हच्या नळ्यांची पुडी ठेवायलाही सांगा. हे काम तर उद्याही होईल.