भालचंद्र नेमाडे
भालचंद्र वनाजी नेमाडे (जन्म : सांगवी, यावल तालुका, जळगाव जिल्हा, २७ मे १९३८) हे मराठी कादंबरीकार, कवी, समीक्षक आणि साहित्याचे अध्यापक आहेत. वयाच्या पंचविसाव्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'कोसला' (१९६३) या पहिल्याच कादंबरीने त्यांनी मराठी कादंबरीच्या भाषेला आणि घडणीला नवे वळण दिले. पुढे 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' या चार कादंबऱ्यांचा चांगदेव चतुष्टय आणि २०१० साली 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' ही बृहत्कादंबरी प्रसिद्ध झाली. समीक्षेत ते देशीवादाचे प्रमुख प्रवर्तक मानले जातात. २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला.

खानदेशातील शेतकरी कुटुंबातून शिक्षणासाठी बाहेर पडलेला तरुण हा नेमाडे यांच्या कादंबऱ्यांचा केंद्रबिंदू आहे. तो गावात पूर्णपणे राहू शकत नाही आणि शहरातही रुजत नाही. त्यामुळे त्यांच्या लेखनातील खेडे बहुधा गाव सोडून गेलेल्या आणि तरीही त्यापासून सुटका न झालेल्या माणसाच्या मनातून दिसते.

पार्श्वभूमी
सातपुड्याच्या पायथ्यापासून तापी नदीपर्यंत पसरलेला यावल-रावेरचा पट्टा काळ्या कसदार जमिनीसाठी आणि केळीच्या बागांसाठी ओळखला जातो. सांगवी हे याच पट्ट्यातील गाव. इंग्रजी अमलातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांतून आजचे जळगाव आणि धुळे हे जिल्हे घडले. या प्रदेशात अहिराणी, लेवा गणबोली, भिल्लांच्या बोली आणि प्रमाण मराठी एकमेकींच्या सहवासात नांदतात. गुजरात आणि मध्य प्रदेश लगत असल्याने गुजराती व हिंदीचा वावरही येथे जुनाच आहे. जळगावजवळील असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची कविता याच परिसरातील बोलीत आहे. नेमाडे यांच्या गद्यातील म्हणी, शिव्या, नात्यांची संबोधने आणि शेतीचे शब्द यांचे मूळ या बहुभाषी परिसरात शोधता येते.

शिक्षण आणि अध्यापन
नेमाडे यांचे शालेय शिक्षण खानदेशात झाले. त्यानंतर ते पुण्यास गेले आणि १९६१ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून बी.ए. झाले. डेक्कन कॉलेजात त्यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास केला आणि १९६४ साली मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात एम.ए. पदवी मिळवली. पुढे जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. आणि डी.लिट. या पदव्या दिल्या.

अहमदनगर, धुळे आणि औरंगाबाद येथे त्यांनी अध्यापन केले. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत तसेच गोवा विद्यापीठातही ते शिकवत होते. मुंबई विद्यापीठातील तौलनिक साहित्याच्या गुरुदेव टागोर अध्यासनावरून ते १९९८ साली निवृत्त झाले. नंतर सिमला येथील भारतीय उच्च अध्ययन संस्थेत ते राष्ट्रीय अधिछात्र होते. साठच्या दशकात मराठीत लघुनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. तिच्यात त्यांचा सहभाग होता आणि 'वाचा' या नियतकालिकाचे त्यांनी संपादन केले.

कादंबरीलेखन

कोसला
'कोसला' या शब्दाचा अर्थ किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश असा आहे. या कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर हा सांगवी गावच्या सधन शेतकऱ्याचा मुलगा. तो पुण्याच्या महाविद्यालयात शिकायला जातो, वसतिगृहात राहतो, मेस, निवडणुका व वक्तृत्वसभा यांत गुंततो, परीक्षेत अपयशी ठरतो आणि अखेर गावी परततो. वडिलांशी असलेला त्याचा संघर्ष हा सत्तेचा, पैशाचा आणि वारशाचा संघर्ष आहे. धाकट्या बहिणीचा देवीच्या रोगाने झालेला मृत्यू हा कादंबरीतील सर्वांत गंभीर प्रसंग मानला जातो. तिथपर्यंत टिंगलीच्या सुरात बोलणारा निवेदक येथे शोकापुढे निःशब्द होतो.

त्या काळच्या मराठी कादंबरीत रचलेले कथानक, आदर्श नायक आणि अलंकृत भाषा यांचे प्राबल्य होते. 'कोसला'त रोजनिशी, इतिहासलेखनाचे विडंबन, लोककथा आणि गप्पा यांची सरमिसळ आहे. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द निवेदक वारंवार वापरतो. ठाम विधान करण्याविषयी त्याच्या मनात असलेला अविश्वास त्यांतून व्यक्त होतो. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांना ही कादंबरी जवळची वाटली.

चांगदेव चतुष्टय
१९७५ ते १९७९ या काळात प्रसिद्ध झालेल्या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हा खानदेशातील शेतकऱ्याचा मुलगा असून इंग्रजीचा प्राध्यापक आहे. मुंबईतील लेखक-मित्रांच्या वर्तुळातून बाहेर पडून तो एका गावाहून दुसऱ्या गावी नोकरीनिमित्त फिरत राहतो. 'बिढार' म्हणजे पाठीवर घेऊन फिरायचा संसार आणि 'झूल' म्हणजे बैलाच्या पाठीवरचे शोभेचे वस्त्र. हे दोन्ही शब्द खेड्यातील व्यवहारातले आहेत आणि चांगदेवच्या अस्थिर जीवनावर ते भाष्य करतात.

या कादंबऱ्यांत शेती क्वचितच दिसते. त्यांचा विषय आहे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी निघालेली महाविद्यालये. संस्थाचालकांचे राजकारण, जातींचे गट आणि प्राध्यापकांची लाचारी यांचे तपशीलवार चित्रण त्यांत आहे. स्वातंत्र्यानंतर उच्च शिक्षण बहुजन समाजापर्यंत पोहोचले, त्या प्रक्रियेचा हा वाङ्मयीन दस्तऐवज मानता येतो. शिक्षणाने मुलाला गावाबाहेर काढले, पण त्याच्यासाठी दुसरे गाव उभे केले नाही, हा या चतुष्टयाचा मुख्य आशय आहे.

हिंदू
'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' ही नियोजित चतुष्टयातील पहिली कादंबरी आहे. तिचा नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात असताना वडील आजारी असल्याचे कळल्याने तो खानदेशातील मोरगावी परततो. या प्रवासाच्या आधारे कादंबरी सिंधू संस्कृतीपासून विसाव्या शतकातील खेड्यापर्यंत येते. कुणबी घरातील एकत्र कुटुंब, बायकांचे कष्ट, बलुतेदार, वारकरी व महानुभाव परंपरा आणि भटक्या जमाती अशी अनेक जीवने खंडेरावच्या आठवणीत जागी होतात. उत्खननात मातीचे थर उलगडावेत तशी गावाची स्मृती येथे थराथरांनी उलगडते.

कादंबरीतील मध्यवर्ती प्रश्न वारशाचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन आणि वाडा शिकलेल्या मुलाने सांभाळायचा की सोडून द्यायचा, हा तो प्रश्न होय. शीर्षकातील 'समृद्ध अडगळ' या शब्दांत त्याची दोन्ही अंगे येतात. वारसा जगणे संपन्न करतो आणि त्याच वेळी ते अडवूनही धरतो.

ग्रामीण कादंबरीतील स्थान
नेमाडे यांच्यापूर्वी मराठीत खेड्याचे चित्रण करणाऱ्या महत्त्वाच्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या होत्या. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) माणदेशातील मेंढपाळांची वस्ती उभी करते, तर उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) विदर्भातील एका कष्टकरी स्त्रीची कहाणी सांगते. या कादंबऱ्यांचे जग प्रामुख्याने गावातच घडते. नेमाडे यांच्या कादंबऱ्यांत गाव, तालुका आणि महानगर यांच्यातील ये-जा महत्त्वाची ठरते. त्यामुळे 'ग्रामीण कादंबरी' या सदरात त्या सहज बसत नाहीत.

भारतीय पातळीवर या संदर्भात बंगाली कादंबरीकार ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्याशी तुलना उद्‌बोधक ठरते. त्यांना १९६६ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार 'गणदेवता' या कादंबरीसाठी मिळाला. त्या कादंबरीत बीरभूम परिसरातील लोहार आणि सुतार वर्षाच्या धान्यावर गावाचे काम करण्यास नकार देतात आणि जुनी गावव्यवस्था ढासळू लागते. महाराष्ट्रातील बलुतेदारीचा ऱ्हास हा त्याच्याशी समांतर अनुभव असून 'हिंदू'मध्ये तो येतो. ताराशंकरांच्या कादंबरीत हा बदल गावातील अनेक माणसांच्या परस्परव्यवहारातून घडतो, तर नेमाडे तो परतून आलेल्या एका वारसाच्या स्मृतीतून मांडतात.

समीक्षा आणि देशीवाद
'टीकास्वयंवर' या ग्रंथात नेमाडे यांचे महत्त्वाचे समीक्षालेख एकत्र आले आहेत. मराठी कादंबरीच्या इतिहासात त्यांनी तीन प्रवृत्ती दाखवल्या. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) सामाजिक वास्तवाला भिडते, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) रंजनाकडे जाते आणि रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१) इतिहासात रमते. यांपैकी पहिल्या प्रवृत्तीला ते श्रेष्ठ मानतात.

साहित्यकृतीचे मूल्य ती ज्या भूमीत, भाषेत आणि समाजात निर्माण झाली त्या संदर्भातच ठरवावे, ही देशीवादाची मुख्य भूमिका आहे. परकीय प्रभाव येणे अटळ असले, तरी तो स्थानिक परंपरेने पचवला पाहिजे, असे नेमाडे यांचे प्रतिपादन आहे. त्यांनी कथेपेक्षा कादंबरी हा वाङ्मयप्रकार श्रेष्ठ मानला. साहित्य संमेलनांवर त्यांनी सातत्याने टीका केली आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच असावे, असा आग्रह धरला.

आक्षेप
देशीवादावर घेतला जाणारा प्रमुख आक्षेप जातिव्यवस्थेशी संबंधित आहे. गावगाड्याला संस्कृतीचा आधार मानले, तर त्या गाड्याखाली चिरडल्या गेलेल्यांचे काय, असा प्रश्न टीकाकार विचारतात. दलित आत्मकथनांमधून दिसणारे गाव हे जमीनदार घरातील वारसाच्या आठवणीतील गावाहून वेगळे आहे, याकडे ते लक्ष वेधतात. देशीवादाचा आधार पुनरुज्जीवनवादासाठी घेतला जाण्याचा धोकाही दाखवला गेला आहे. समर्थकांच्या मते नेमाडे यांना अभिप्रेत असलेली परंपरा बहुविध व सर्वसमावेशक असून एकसाची धर्मकल्पनेच्या ती विरोधात जाते. 'हिंदू'च्या प्रकाशनानंतर हा वाद अधिक तीव्र झाला.

पुरस्कार आणि सन्मान
'टीकास्वयंवर'साठी नेमाडे यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भारत सरकारने २०११ साली त्यांना पद्मश्री दिली. वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर यांच्यानंतर ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणारे ते चौथे मराठी साहित्यिक होत.

निवडक ग्रंथसंपदा
कादंबऱ्या : कोसला, बिढार, हूल, जरीला, झूल, हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ
कवितासंग्रह : मेलडी, देखणी
समीक्षा : साहित्याची भाषा; टीकास्वयंवर
इंग्रजी लेखन : तुकारामांवरील छोटेखानी ग्रंथ (साहित्य अकादमी), मराठीवरील इंग्रजीच्या प्रभावाचा समाजभाषावैज्ञानिक व शैलीवैज्ञानिक अभ्यास