कानाचे शिक्षण

माध्यमिक शाळेत संगीताचा तास सुरू झाला की वर्गाचे सहज दोन भाग पडतात. ज्यांना गळा आहे अशी मुले पुढे बसतात. प्रार्थना, स्वागतगीत, स्नेहसंमेलन हे सारे त्यांच्याकडे जाते. उरलेल्यांना ‘तुला गळा नाही’ हा निकाल एकदा ऐकावा लागतो, आणि पुष्कळजण तो जन्मभर खरा मानून चालतात. त्यातच तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो. कालपर्यंत गाणारा मुलगाही मग लाजून मागच्या बाकावर जाऊन बसतो. ज्या वयात अभिरुची घडायची, नेमक्या त्याच वयात वर्गातील बहुसंख्य मुले संगीताबाहेर पडतात. संगीत शिकवणे म्हणजे गायन शिकवणे, ही समजूत या हानीच्या मुळाशी आहे.

ही समजूत कशी रुजली, हे समजणे कठीण नाही. गुरूच्या घरी राहून, त्याच्या तोंडून विद्या घ्यावी अशी आपल्याकडची परंपरा. ती सोडून वर्ग, फळा आणि पुस्तक यांच्या आधारे संगीत शिकवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांची गायनशाळा निघाली. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून घराण्यांच्या बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीत बांधून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत सर्वांपुढे ठेवल्या. या मंडळींच्या उद्योगामुळे दरबारातील आणि दिवाणखान्यातील विद्या सामान्य गृहस्थाच्या ओसरीवर आली. हे उपकार थोर आहेत. परंतु ही विद्यालये मुख्यतः गायन-वादन शिकू इच्छिणाऱ्यांसाठी होती. शाळांनी त्यांची रीत उचलली, आणि जो विद्यार्थी गाणार नाही त्याच्या हाती केवळ व्याख्या उरल्या. जो राग कधी कानी पडला नाही, त्याचे वादी-संवादी पाठ करणे म्हणजे आंबा न चाखता त्याचे वर्णन घोकण्यासारखेच होय.

शाळेतील प्रत्येक मुलास देता येईल असे शिक्षण कानाचे. ते शिक्षण तीन वाटांनी द्यावे लागते: श्रवण, इतिहास आणि रचना. या तिन्ही वाटा परस्परांना मिळालेल्या असल्या, तरच मुलगा मुक्कामाला पोहोचतो.

प्रथम श्रवण. ‘शांत बसा आणि ऐका’ एवढे सांगितल्याने कोणी ऐकू लागत नाही. मुलाने काय ऐकायचे, हे त्याला ठाऊक असावे लागते. एखादी तीनतालातील मध्य लयीची बंदिश तीनदा ऐकवावी. पहिल्या वेळी फक्त ठेक्याकडे लक्ष द्यावे. सोळा मात्रा बोटांवर मोजाव्या. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर हात रिकामा. दुसऱ्या वेळी गवई समेवर कोणत्या अक्षराने येतो, हे शोधावे. तिसऱ्या वेळी स्थायी कोठे संपते आणि अंतरा वरच्या षड्जाकडे कसा चढतो, हे टिपावे. ज्या मुलाने समेवर मान डोलवली, त्याला गळा असो वा नसो, तो त्या क्षणी संगीताच्या आत असतो.

याहून सूक्ष्म ऐकणे शिकवायचे तर भूप आणि देशकार हे दोन राग जवळजवळ ठेवावे. सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर दोहोंत आहेत. तरीही भूपात गंधाराला मान, तर देशकारात धैवताला. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी खालच्या अंगाने सावकाश उलगडतो, देशकार सकाळी वरच्या अंगाने तेजाने उभा राहतो. स्वर तेच असून राग निराळे कसे, हा प्रश्न मुलांनी स्वतः विचारला की रागाची व्याख्या फळ्यावर लिहिण्याची गरज उरत नाही.

दुसरी वाट इतिहासाची. संगीताचा इतिहास म्हणजे नावांची आणि सनावळ्यांची यादी असा समज मुलांच्या मनात असतो, आणि पाठ्यपुस्तके तो दृढ करतात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, एवढे पाठ करून काय हाती लागते? त्या ग्रंथाच्या काळचे गाणे आज ऐकू येत नाही. ते वाचावे लागते. भारतात ध्वनिमुद्रिकांसाठी मुद्रण सुरू झाले ते १९०२ साली, कलकत्त्यास. तेव्हापासूनचे गाणे मात्र ऐकता येते. इतिहासातील हा उंबरठा मुलांना अवश्य दाखवावा.

त्या पहिल्या तबकड्यांवर गौहरजान यांचा आवाज आहे. गाणे दोन-तीन मिनिटांत आटोपते आणि अखेरीस गायिका आपले नाव इंग्रजीत सांगते. मैफलीत तासभर चालणारा राग येथे इतका आखूड का? कारण तबकडीवर तेवढीच जागा होती. साधनाने कलेला कसा आकार दिला, हे त्या दोन मिनिटांतून मुलांना उमगते.

पेटीची कथाही अशीच बोधप्रद आहे. परदेशातून आलेले हे वाद्य मराठी रंगभूमीच्या संगीताशी इतके एकरूप झाले की, १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली ज्यांनी दिल्या ते गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. पुढे १९४० साली आकाशवाणीने याच पेटीला बंदी केली. पेटीचे स्वर पट्ट्यांना बांधलेले. त्यांत मींड निघत नाही आणि श्रुतींचे बारकावे साधत नाहीत, असा आक्षेप होता. ही बंदी १९७० नंतरच हळूहळू सैल झाली. वर्गात एकदा सतार वा सारंगीवरील मींड ऐकवावी, मग तेच स्वर पेटीवर वाजवावे, आणि बंदी योग्य होती काय, याचा वाद मुलांकडून करवावा. वाद घालायचा तर पुन्हा ऐकावे लागते, आणि इतिहासाच्या तासाचे तेच खरे फळ होय.

सर्वांत जवळचा इतिहास मुलांच्या घरातच असतो. पिठाची गिरणी गावोगाव आली, घरातील जाते थांबले आणि जात्यावरची ओवीही थांबली. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां या अभ्यासकांनी खेडोपाडीच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या नसत्या, तर हे धन बहुतांशी मातीत गेले असते. वर्गातील प्रत्येक मुलाने आजीकडून एक जुने गाणे आणावे. ते कोणत्या कामाच्या वेळी म्हणत, कोणी शिकवले, आता का म्हणत नाहीत, हे विचारावे. इंदूर, हैदराबाद वा दिल्लीच्या वर्गात ही गाणी चार भाषांतील असतील. तेवढा त्या वर्गाचा लाभ अधिक.

तिसरी वाट रचनेची. तिचे नाव काढताच शिक्षक बिचकतात. शाळकरी मुले काय रचना करणार, असा प्रश्न येतो. परंतु चौथीतील मूलही निबंधाच्या पाच ओळी लिहिते, तेव्हा त्याने साहित्यिक व्हावे अशी कोणाची अपेक्षा नसते. संगीतातही असेच पाच ओळींचे काम देता येते. भूपाचे पाच स्वर घ्यावे, केरव्याच्या आठ मात्रांची चार आवर्तने घ्यावी. पहिली ओळ मनाने बांधावी, दुसरीत तिला उत्तर द्यावे, तिसरीत वर जावे आणि चौथीत षड्जावर परतावे. चाल पेटीवर एका बोटाने वाजवली तरी चालेल. गळ्याची अट येथेही नाही. नंतर ती भातखंडे पद्धतीने लिहावी: समेला फुली, खालीला शून्य, तार सप्तकातील स्वरावर बिंदू, मंद्रातील स्वराखाली बिंदू.

लिहिलेली चाल दुसऱ्या मुलाने वाचून वाजवावी. ती बहुधा मूळ चालीसारखी उतरत नाही. स्वर बरोबर असतात. स्वरांमधील वळण हरवलेले असते. गुरूच्या मुखातून मिळणाऱ्या विद्येचे महत्त्व आणि स्वरलिपीचे उपकार, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रसंगात मुलास कळतात. शिवाय ज्याने स्वतः तिसऱ्या ओळीत वर कसे जावे म्हणून डोके खाजवले आहे, तो पुढच्या वेळी अंतरा ऐकताना कान टवकारतो. रचना अशी पुन्हा श्रवणाकडेच आणून सोडते.

या शिक्षणास फार साधनसामग्री लागत नाही. एक पेटी, स्वच्छ आवाज देणारे एक ध्वनियंत्र आणि निवडक ध्वनिमुद्रणे एवढ्यावर काम भागते. अडचण आहे ती वेळेची आणि दृष्टीची. परीक्षा जवळ आली की संगीताचा तास पहिल्याने गणिताला दिला जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे विषय आणि कलाविषय यांमधील भिंत काढण्याचे तत्त्व मांडले आहे. पण वेळापत्रकातील तो तास राखणे हे अखेर मुख्याध्यापकांच्याच हाती असते. परीक्षाही निराळी हवी. दहा रागांची लक्षणे लिहून घेण्यापेक्षा एक अनोळखी बंदीश ऐकवून ‘सम कोठे आली?’ एवढे विचारले, तरी मुलाचा कान कळतो.

गवयासमोर बसणारा जाणता श्रोता हादेखील संगीताचा एक आधारच असतो. अशा श्रोत्यास आपल्या भाषेने प्रेमाने ‘कानसेन’ म्हटले आहे. तानसेन शतकातून एखादा जन्मतो. कानसेन मात्र प्रत्येक शाळेच्या मागच्या बाकावर बसलेले असतात, आणि तेथून त्यांना पुढे बोलावणे एवढेच शिक्षकाचे काम आहे.