डाळिंबावरील तेल्या रोगाचे जंतू व त्यांचे भक्षक

अहिल्यानगर जिल्ह्यातील डाळिंबाच्या बागाईतदारांस तेल्या रोगाची ओळख करून देण्याचे कारण नाही. पानांवर व फळांवर पाणीदार, तेलकट डाग पडतात. पुढे ते काळपट होतात, फळ तडकते व बाजारात त्यास कोणी विचारीत नाही. हा रोग बुरशीमुळे होत नसून झँथोमोनास वर्गातील जीवाणूंमुळे होतो. भारतात त्याची नोंद इ. स. १९५२ मध्ये झाली व इ. स. २००० नंतर महाराष्ट्रातील अनेक बागांचे त्याने अतोनात नुकसान केले. परंतु जीवाणूंसही निसर्गात शत्रू असतात. त्यांची माहिती केडगाव व आसपासच्या गावांतील ग्रामसेवकांस व शेतकरी बंधूंस व्हावी, या हेतूने हा लेख दिला आहे.

भक्षकांचा शोध

फेलिक्स देरेल हे शास्त्रज्ञ इ. स. १९१० च्या सुमारास मेक्सिको देशात टोळांच्या एका रोगाचा अभ्यास करीत होते. त्या रोगाचे जंतू काचेच्या थाळीत वाढविले असता, जंतूंच्या दाट थरात मधूनमधून स्वच्छ, वाटोळे ठिपके पडलेले त्यांना दिसले. जणू जोंधळ्याच्या दाट पिकात मध्येच मोकळी जागा पडावी. पुढे पॅरिस येथे हगवणीच्या जंतूंवर काम करीत असता, या जंतूंना खाणारा अतिसूक्ष्म विषाणू असतो, असे त्यांनी इ. स. १९१७ मध्ये जाहीर केले. त्यास त्यांनी बॅक्टेरिओफाज, म्हणजे जीवाणुभक्षक, हे नाव दिले. इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट यांनीही असाच प्रकार इ. स. १९१५ मध्ये नमूद केला होता. इ. स. १९२७ मध्ये देरेल यांनी भारतात पटकीच्या रोगावरही या भक्षकांचे प्रयोग केले.

भक्षकाचे कार्य

भक्षक जीवाणूच्या अंगास चिकटतो व आपले बीजद्रव्य आत सोडतो. जीवाणूच्या शरीरात त्याच्या अनेक प्रती तयार होतात व अखेर जीवाणू फुटून त्या बाहेर पडतात. कित्येक भक्षकांस याकरिता सुमारे अर्धा तास पुरतो. मात्र प्रत्येक भक्षकाचे भक्ष्य ठरलेले असते. कुलुपास जशी त्याचीच किल्ली लागावी, तसा हा प्रकार आहे. तेल्याच्या जंतूचा भक्षक बुरशीच्या डागांवर काहीही काम करणार नाही.

जमिनीत असे भक्षक अगणित असतात. एका जातीचा जंतू माजला की त्याचे भक्षकही वाढतात. जंतू कमी झाले की भक्षकही ओसरतात. त्यामुळे जंतूंचा समूळ नाश सहसा होत नाही. काही जंतू भक्षकास दाद न देणारेही निघतात. शिवाय कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत नत्र साठविणाऱ्या उपयुक्त जीवाणूंचेही भक्षक असतात. म्हणून भक्षक हा शेतकऱ्याचा सरसकट मित्रही नव्हे व शत्रूही नव्हे.

उपयोग व मर्यादा

कोबीवरील घाण्या रोगाचा जीवाणूही झँथोमोनास वर्गातीलच आहे. कुजलेल्या कोबीच्या गाळलेल्या रसाने या जीवाणूची वाढ थांबते, असे अमेरिकेत इ. स. १९२४ मध्ये आढळले. त्याच देशात इ. स. २००५ मध्ये टोमॅटो व मिरचीवरील जीवाणूजन्य ठिपक्यांसाठी भक्षकांच्या औषधास मान्यता मिळाली. परंतु कडक उन्हात व कोरड्या पानावर भक्षक लवकर निकामी होतात. म्हणून त्यांची फवारणी सायंकाळी करावी लागते. ताम्रयुक्त औषधांनीही त्यांचे बळ घटते.

बागाईतदारांनी काय करावे

भक्षकाच्या नावाने कोणी बाटली विकू लागल्यास ती कोणत्या जंतूवर चालते, हे प्रथम विचारावे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ किंवा सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र यांची शिफारस पाहिल्यावाचून पैसा खर्च करू नये. डाग जीवाणूचा की बुरशीचा, याची खात्री आधी करून घ्यावी.

तेल्याचा मुख्य प्रसार रोगट रोपे, पावसाचे उडणारे थेंब व छाटणीची कात्री यांतून होतो. यास्तव रोपे निरोगी बागेतूनच घ्यावीत. प्रत्येक झाडाची छाटणी झाल्यावर कात्री जंतुनाशक द्रावणात बुडवावी. रोगट फळे व पाने गोळा करून जाळावीत. बांधावर टाकू नयेत. रोगग्रस्त बागेत पावसाळ्यात येणारा मृग बहार टाळून हस्त बहार धरावा व बागेस पुरेशी विश्रांती द्यावी. जंतूस बागेत येऊच न देणे, हा भक्षकापेक्षाही स्वस्त व खात्रीचा उपाय होय.