अस्थींची साक्ष आणि एक जून

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा नागनाथ यांपैकी कोणत्याही तालुक्यातील जुन्या शाळेचे दप्तर चाळले, तर जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ही तारीख पुनःपुन्हा भेटते. त्यावरून या मुलखात त्याच दिवशी पाळणे हलत असत असा निष्कर्ष कोणी काढू नये, कारण शाळा जूनमध्ये उघडत आणि रकाना कोरा ठेवण्याची मुभा गुरुजींना नसे, एवढाच त्याचा अर्थ. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता, कागदोपत्री फसली सन चाले, आणि घरोघरी वयाचा हिशेब ‘रझाकारीच्या साली हा रांगत होता’, ‘बहात्तरच्या दुष्काळात ही पोटात होती’ असा घटनांवरून होई. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदाच मुळी १९६९ चा.

अशा मनुष्याचे वय फौजदारी खटल्यात निर्णायक ठरले आणि दस्तऐवज हाती नसला, म्हणजे न्यायालय देहाकडेच वळते. नवजात अर्भकाच्या शरीरात तीनशेच्या आसपास अस्थिखंड असतात, प्रौढाच्या शरीरात २०६. कारण लांब हाडाचा दांडा आणि त्याची टोके ही आरंभी वेगवेगळी असून त्यांच्यामध्ये कूर्चेचा थर असतो, तो वाढीच्या काळात हाडाची लांबी वाढवीत राहतो आणि तारुण्यात स्वतःच अस्थिरूप होऊन नाहीसा होतो. कूर्चा क्ष-किरण चित्रात दिसत नाही, म्हणून तान्ह्या बालकाचे मनगट त्या चित्रात जवळजवळ रिकामे भासते. पुढे तेथील आठ हाडांपैकी दोन पहिल्याच वर्षी उमटतात, शेवटचे दहा-बारा वर्षांच्या सुमारास. कोपर साधारणतः चौदा ते सोळाच्या दरम्यान जुळते, मुलांचे मनगट सतरा ते एकोणीसपर्यंत, आणि गळ्याखालच्या आडव्या हाडाचे उरोस्थीकडील टोक तर विशी उलटल्यावरही काही वर्षे सांधले जात असते. मुलींमध्ये हे सारे एक-दोन वर्षे आधी घडते.

परंतु अस्थी सांगतात ती वाढीची अवस्था, जन्मतिथी नव्हे. जगभर वापरला जाणारा ग्रॉयलिख आणि पाइल यांचा चित्रसंग्रह अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या सुस्थितीतील कुटुंबांच्या मुलांवरून सिद्ध झाला. आपल्याकडे गॉल्स्टन यांनी १९३७ मध्ये भारतीयांच्या अस्थींचा अभ्यास प्रसिद्ध केला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. कुपोषणाने अस्थींची वाढ मागे पडते; तेव्हा आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर वाढलेल्या मुलाला क्लीव्हलंडचे माप लावणे मला तरी न्याय्य वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या जया माला प्रकरणात अशा अनुमानात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते हे मान्य केले. म्हणजे ज्याचे वय वैद्यांनी सतरा ठरविले तो पंधराचाही असू शकतो आणि एकोणिसाचाही. महाराष्ट्रातीलच विष्णू ऊर्फ उंदऱ्या याच्या अपिलात २००५ मध्ये त्या न्यायालयाने जन्मनोंद आणि मातापित्यांची जबानी यांना अस्थिपरीक्षेहून अधिक वजन दिले. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ९४ व्या कलमातही शाळेचा दाखला आधी, जन्माचा दाखला नंतर, आणि हे दोन्ही नसतील तरच अस्थिपरीक्षा, असा क्रम आहे. गंमत अशी की या क्रमात अग्रस्थानी येणारा शाळेचा दाखला कित्येकदा तोच गुरुजींचा एक जून असतो!

वाढ संपल्यावर तर अनुमान अधिकच सैल होते. टॉड यांनी १९२० मध्ये दाखविले की जघनास्थींच्या सांध्याचा पृष्ठभाग तरुणपणी नांगरलेल्या शेताप्रमाणे उंचसखल असतो, पुढे सपाट होतो आणि अखेरीस झिजतो. पण चाळिशीनंतर त्यावरून वर्ष सांगता येत नाही, फार तर दशक सांगता येते. कवटीच्या सांध्यांवर तर विसंबूच नये. लहानग्यांची गोष्ट मात्र निराळी. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात, घरांच्या जमिनीखाली दोन रांजणांची तोंडे जुळवून पुरलेली ताम्रपाषाणयुगीन बालके सापडली. एवढ्या लहान वयात दातांची घडण बरीच नियमित चालत असल्याने, तीन सहस्र वर्षांनंतरही अशा बालकाचे वय प्रौढाच्या वयाहून अधिक नेमके सांगता येते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखला हाच ग्राह्य धरण्याची तरतूद झाली आहे. तेव्हा ज्यांच्या घरी नवे अपत्य आले असेल त्यांनी एकवीस दिवसांच्या मुदतीत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जन्माची खरी तारीख नोंदवावी आणि दाखला जपून ठेवावा.