घुंडी फिरवली, पण स्प्रिंग तीच!

उंची आणि कडकपणा बदलता येणारं सस्पेन्शन, म्हणजे बाजारात ज्याला कॉइलओव्हर म्हणतात ते, गाडीला बसवून घेण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या तरुणांची पक्की समजूत असते, की गाडी जितकी कडक तितकी ती रस्ता घट्ट धरते. शर्यतीच्या गाड्या कडक असतात, हे खरं. पण त्या पळतात चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइमतूरच्या करी स्पीडवेच्या सपाट डांबरावर. आपल्या रस्त्यांचं वर्णन मी करायला नको.

थोडा हिशेब करू. एका चाकावर गाडीचं ३०० किलो वजन आहे असं धरा. रस्त्यासाठीची मऊ स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला ३ किलो लागतात. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच ती १०० मिलिमीटर दबलेली असते. शर्यतीची ८ किलोची स्प्रिंग जेमतेम ३७ मिलिमीटर दबते. आता चाकाखाली ५० मिलिमीटर खोल खड्डा आला. मऊ स्प्रिंग उलगडते आणि चाक तळाला टेकतं. कडक स्प्रिंगपाशी उलगडायला तेवढी जागाच नाही. चाक क्षणभर अधांतरी! अधांतरी चाक ना ब्रेकला जुमानतं, ना स्टिअरिंगला.

मग ट्रॅकवर कडक स्प्रिंग कशासाठी? वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो एकूण किती जाणार, हे वेग, वळण, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं अंतर ठरवतं. कडक स्प्रिंगने गाडी कमी कलते, त्यामुळे टायर रस्त्यावर नीट बसतो आणि स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद मिळतो. खड्डे नसतील तर हा फायदा मोठा आहे.

"पण सर, घुंडी आहे ना! रस्त्यावर मऊ करू, ट्रॅकवर कडक." हे हमखास ऐकू येतं. घुंडी बदलते ती शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला शॉकअप. तो स्प्रिंगची हालचाल जिरवतो. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. उलट कडक स्प्रिंगवर घुंडी फार सैल ठेवली, तर गाडी उसळत राहते. फार आवळली, तर ओळीने आलेल्या खड्ड्यांत स्प्रिंग पुरती उलगडायच्या आत पुढचा दणका बसतो आणि गाडी दर दणक्याला खाली खाली बसत जाते. तेव्हा निवडायची ती आधी स्प्रिंग.

उंचीबाबतही पारखून घ्या. काही संचांत स्प्रिंगची बैठक खाली सरकवून गाडी उतरवतात, त्यात चाकाला वर यायला जागा कमी उरते. खालच्या नळीच्या आट्यांवर उंची बदलणारा संच घ्यावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधकसुद्धा १० सेंटिमीटर उंच असतो; आपल्या गल्लीतला कोणत्या मानकात बसतो, देव जाणे. आरटीओ आणि विमा कंपनी यांना मात्र आधीच विचारलेलं बरं.

वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याला मी मूळच्यापेक्षा किंचित कडक स्प्रिंग सुचवतो, आणि उरलेले पैसे चांगल्या टायरवर व ब्रेकवर घालायला सांगतो. घुंडी पूर्ण आवळून मग उलटे खटके मोजा, चारही चाकांचे आकडे वहीत लिहा आणि एका वेळी दोनच खटके बदलून त्याच रस्त्यावरून गाडी फिरवून आणा.