ट्रॅक्टरच्या इंजिनात कोणते तेल घालावे?

ऐन पेरणीत ट्रॅक्टरचे इंजिन जाम झाले, तर दुरुस्तीचा खर्च होतोच, शिवाय हाती आलेला वाफसाही निघून जातो. म्हणून इंजिनाचे वंगण विचारपूर्वक निवडावयास हवे. साधे खनिज तेल घ्यावे की महाग सिंथेटिक तेल, असा प्रश्न पुष्कळ शेतकऱ्यांपुढे असतो.

खनिज तेल हे कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. सिंथेटिक तेलाचे मूळ द्रव्य रासायनिक प्रक्रियेने घडविलेले असते. त्यामुळे ते कडक थंडीत पातळ राहते आणि अति उष्णतेत लवकर बिघडत नाही.

तथापि, या गुणांची आपणास गरज किती, हे पाहिले पाहिजे. डब्यावर '१५ डब्ल्यू-४०' असे लिहिलेले असते. त्यातील पहिला आकडा थंडीतील व दुसरा १०० अंश सेल्सिअसला तापलेल्या तेलाचा दाटपणा दर्शवितो. '१५ डब्ल्यू' तेलाची थंडीतील कसोटी शून्याखाली २० अंशांवर घेतात. निफाडकडे हिवाळ्यात पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. तेवढ्या थंडीस हे तेल सहज पुरे पडते. लडाखच्या हिवाळ्यात मात्र सिंथेटिक तेलाचा खरा उपयोग होतो.

धूळ व काजळी दोन्ही तेलांत सारखीच मिसळते. महाग तेल घातले म्हणून ते बदलण्याची मुदत आपल्या मनाने वाढविणे घातक होय. पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनंतर तेल बदलावे व सोबत फिल्टरही बदलावा. धुळीच्या कामात हवेची गाळणी वरचेवर साफ करावी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर काही वेळाने पट्टीवर तेलाची पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असावी.

डिझेल इंजिनाच्या तेलाचा दर्जा 'सी' या अक्षराने सुरू होतो, उदाहरणार्थ, सीआय-४. पुस्तिकेत दिलेला दाटपणा व दर्जा डब्यावर जुळत असेल, तर खनिज तेल निःशंकपणे वापरावे. ज्या नव्या ट्रॅक्टरांच्या धुराड्यात काजळी अडविणारा फिल्टर असतो, त्यांना कमी राखेचे तेल लागते. तेथे काटकसर करू नये.

काढलेले तेल विहिरीजवळ वा बांधावर ओतू नये. ते साठवून अधिकृत संकलकास द्यावे. ग्रामसेवकांनी ट्रॅक्टरमालकांस तेल बदलल्याची तारीख व तास वहीत नोंदविण्याची सवय लावावी. वेळेवर बदललेले साधे तेल हे मुदत उलटलेल्या उंची तेलापेक्षा इंजिनास अधिक हितकर असते.