पेन्शनीतली सकाळ आणि काही पक्के गैरसमज

खडकवासल्यात आणि आसपास घड्याळावर आयुष्य काढलेली माणसं पुष्कळ आहेत. १९१६ साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र इथेच, जवळच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, पलीकडे गिरीनगर. साठ वर्षांपर्यंत हजेरीच्या वेळेला बांधलेली सकाळ निवृत्तीनंतर एका दिवसात मोकळी होते. मग ती सावकाश घालवायची म्हटलं की मनात खुपतं, शेजारीपाजारीही विचारतात, "काय, अजून चहाच चाललाय?" सावकाश सकाळ म्हणजे आळस, हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज. उतारवयात शरीर सकाळी जे मागतं, त्याच्याशी तो अजिबात जुळत नाही.

अंथरुणातून उठण्यापासूनच बघा. डोळे उघडताच ताडकन उठणं हे तरतरीचं लक्षण मानलं जातं. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं आणि तरुणपणी रक्तवाहिन्या लगेच आवळून रक्तदाब सांभाळतात. वय वाढलं की ही सांभाळणी मंदावते. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा जास्त उतरला, तर वैद्यकशास्त्र त्याला विकार मानतं. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढतो. न्हाणीघराच्या दारात तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं, त्यामागे अनेकदा हेच असतं. म्हणून कुशीवर वळावं, पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसावं, घोटे हलवावेत आणि मग उठावं. एवढा वेळ लागलाच पाहिजे.

"म्हाताऱ्या माणसांना झोप कमीच लागते" हेही सर्रास ऐकू येतं. पासष्टीनंतरही साधारण सात ते आठ तास झोप हवीच असते. बदलते ती झोपेची जात. गाढ झोप घटते, रात्री जाग जास्त वेळा येते आणि शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, त्यामुळे झोपही लवकर येते आणि जागही. पहाटे चारला डोळे उघडणाऱ्याने रात्री अकरापर्यंत मालिका बघितल्या, तर ती तूट दिवसभर अंगावर राहते. ब्राह्ममुहूर्ताला उठलंच पाहिजे, असा हट्टही नको. सूर्योदयाच्या १ तास ३६ मिनिटं आधी तो सुरू होतो. म्हणजे पुण्यात जानेवारीत साडेपाचच्या सुमारास आणि जूनमध्ये साडेचारच्याही आधी. वाग्भटाने अष्टांगहृदयात या वेळी उठायला सांगितलंय ते निरोगी माणसाला. रात्रभर खोकल्याने किंवा लघवीला उठून झोपमोड झालेल्याने सातला उठावं, काही बिघडत नाही.

फिरायला जाण्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण खडकवासला धरणाकाठी राहणाऱ्यांना त्याचं वेड असतं आणि ते चांगलंच आहे. रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्यांमध्ये सत्तरीची माणसंही दिसतात. त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. पण समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीचा तो गड हे सगळ्यांचं माप नव्हे. दहा हजार पावलांचंही तसंच. तो आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पावलंमोजणी यंत्राच्या नावातून तो जगभर गेला. २०१९ साली अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षांच्या हजारो स्त्रियांची पावलं मोजली गेली. रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होतं आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढेनासा झाला. पावलं भराभर टाकली की सावकाश, याने त्या अभ्यासात फारसा फरक पडला नाही. म्हणजे पाण्यावरचे पाणकावळे बघत, ओळखीच्यांशी दोन शब्द बोलत चालणं वाया जात नाही.

वेळेचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. "जितकी पहाट, तितकी हवा स्वच्छ" हे हिवाळ्यात खरं नसतं. डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते, तिच्यात शेकोट्यांचा आणि वाहनांचा धूर साचतो, ऊन तापल्यावरच तो वर निघतो. शिवाय गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बाराच्या दरम्यान जास्त येतात, हे १९८५ पासून अनेक अभ्यासांत दिसलंय. चालणं त्यासाठी सोडायचं नाही, घरातच हातपाय मोकळे करून, कानटोपी घालून, सूर्य वर आल्यावर निघायचं. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी तर हे कटाक्षाने पाळावं.

कोवळ्या उन्हात बसल्याने ड जीवनसत्त्व मिळतं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्वचेत ते तयार करणारे किरण सूर्य डोक्याकडे सरकल्यावरच पुरेसे पोचतात. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर फार थोडं मिळतं, आणि वयाबरोबर त्वचेची ताकदही घटते. कमतरता असल्यास रक्त तपासून डॉक्टर सांगतील ते घ्यावं. तरीही कोवळं ऊन सोडू नका. त्या प्रकाशाने शरीराचं घड्याळ जागेवर येतं, दिवसा हुशारी राहते आणि रात्री झोप लागते.

उपाशीपोटी तांब्याभर पाणी गटागटा पिण्याचा नेम अनेक घरांत आहे. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असेल, किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर तो अंगाशी येऊ शकतो, कारण रक्तातलं सोडियम उतरतं. भांडंभर पाणी घोट घोट प्यावं. थायरॉईडची गोळी चहाबरोबर घेऊ नये, आधी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहाला अर्धा-एक तास थांबावं.

राहिला शेवटचा आणि मला सर्वांत बोचणारा समज: घरात मुलं-नातवंडं असली की आजीची सकाळ आपोआप आनंदाची. आजोबा धरणावरून फिरून येतात, वर्तमानपत्र उघडतात. आजी मात्र नळाला पाणी यायच्या आधी उठलेली असते, नातवाचा डबा, देवाची फुलं, दुधाचं पातेलं तिच्याच हाती. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. बाई कार्यालयातून निवृत्त होते, ओट्यापासून होत नाही. तिच्याही गुडघ्यांना, रक्तदाबाला आणि झोपेला वर लिहिलेलं सगळं लागू आहे. तेव्हा घरातल्या मुलांनो, सुनांनो आणि विशेषतः आजोबांनो, येत्या सोमवारपासून डब्याची पाळी वाटून घ्या आणि पहिला चहा तिच्या हातात नेऊन द्या.